खिडकीतल्या पाच बाटल्या

माळीबुवा,

तुमच्यावर मी पहिल्या दिवसापासून संशय घेतला, हे आधीच सांगून टाकते. भर उन्हाळ्यात लोकरी टोपी, दिवसाकाठी मोजून दहा शब्द, सुतळीचा तुकडाही न टाकता खिशात कोंबायची सवय. अकरा वर्षं वाचनालयाच्या आवारात राबलात, पण तुमच्या मनाचा थांग मला लागला नाही. आणि मी चिटणीस! सगळ्यांचा थांग लावणं हे आपलं कामच, असं समजणारी.

त्या हिवाळ्यात नव्या वाचनकक्षासाठी मागची जागा मोजली आणि नेमकं मध्ये आलं ते झाड. कोणी न लावलेलं, आपलं आपण उगवलेलं. पानं झडून नुसता सांगाडा राहिलेला. इंजिनिअर म्हणाला, "नाव सांगा. कामाचं निघालं तर भिंत सरकवतो, रानटी निघालं तर पाडतो."

"अकरा वर्षं त्याच्याखाली डबा खाल्लाय," एवढंच तुम्ही बोललात.

मी पुस्तकं काढली. सालीच्या भेगा पाहिल्या, कळ्या समोरासमोर आहेत का ते पाहिलं, मुळाशी पडलेली पानं चित्रांशी जुळवली आणि ऐटीत नाव जाहीर केलं. तुम्ही टोपी सरळ केलीत.

"बाई, ती पानं समोरच्या रस्त्यावरची. मीच झाडून इथे ओततो. मुळांना ऊब राहते."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

माझं पित्त खवळलं. त्यानंतर मी तुमच्यावर नजरच ठेवली. दर तीन-चार दिवसांनी झाडाची एखादी डहाळी कमी व्हायची. काप ताजा, तिरका, स्वच्छ. इंजिनिअर आवारातल्या तुमच्या खोलीत चहाला बसलेला मी दोनदा पाहिला. शिवाय तुमच्या पिशवीतून रिकाम्या बाटल्या आत जात होत्या. आतून दोघांचं संगनमत आहे, झाड हळूहळू संपवायचा डाव आहे, याबद्दल माझी खात्रीच झाली.

"पिता का हो?" मी तोंडावर विचारलं.

"पितो की. चहा."

एका दुपारी तुम्ही नळी दुरुस्त करायला गेलात आणि मी कार्यालयातली दुसरी किल्ली घेऊन तुमची खोली उघडली. लोखंडी खाट, घडी केलेली घोंगडी, स्टोव्ह. आणि उन्हाच्या खिडकीत पाच बाटल्या, प्रत्येकीत पाणी आणि एक डहाळी. मानेला सुतळीने बांधलेली तारखेची चिठ्ठी. एका कळीचं टरफल फाटून हिरवं टोक बाहेर आलं होतं. मी वाकून बघत होते, तोच मागून आवाज आला,

"झडती झाली असेल तर पाणी बदलू का?"

मी किल्ली मुठीत लपवली.

"उबेत ठेवलं की कळ्या फसतात," तुम्ही म्हणालात. "वसंत आला असं वाटतं त्यांना. बाहेर पान फुटायला दीड महिना लागेल, तेवढा इंजिनिअर थांबायचा नाही."

"तो इथे कशाला येतो?"

"पंधरा दिवसांची मुदत मागून घेत होतो त्याच्याकडून."

चार दिवसांनी पान उलगडलं. माझ्या एकाही पुस्तकात ते नव्हतं. तुम्ही ते ओल्या कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवलंत. "कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे सर तुमच्या ओळखीचे आहेत ना? तुम्हीच जा बाई. मला कोण विचारतंय तिथे!"

"उद्याच जाते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बस-थांब्यावर इंजिनिअर भेटला. "मिळालं का नाव?" तो कुरकुरला. "अर्जातला झाडाच्या नावाचा रकाना भरल्याशिवाय नगरपालिकेवाले झाड पाडायची परवानगीच देत नाहीत."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. बस आली, गेली. मी घरी परतले.

तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं, सर रजेवर आहेत. मग सांगितलं, आजारी आहेत. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. उन्हाळ्यात नोकरी संपवून लेकीकडे गेलात. पुढे इंजिनिअर कंटाळला आणि त्याने भिंत दहा फूट सरकवली. झाड उभं आहे.

माळीबुवा, सर रजेवरही नव्हते आणि आजारीही नव्हते. मी कॉलेजात गेलेच नाही.