मेणाखालचं इल्युशिन

आमच्या शेजारचा नंदीश दातांच्या लॅबमध्ये काम करतो. आमच्या गावच्या नवी पेठेत, एका कापडदुकानाच्या माडीवर. डॉक्टरांकडून मापं येतात, त्यावरून कवळ्या नि कॅपा करायच्या. पण त्याचा जीव असतो तो घरातल्या खिडकीजवळच्या टेबलावर. तिथं त्याची विमानं उभी असतात. वीतभर लांबीची, ओतीव धातूची, सगळी जुन्या सोव्हिएत रशियातली प्रवासी विमानं: तुपोलेव, इल्युशिन, याक, अंतोनोव.

विकत आलेलं विमान त्याला कधीच जसंच्या तसं पटत नाही. चाकं जाड असतात, खिडक्या तिरप्या छापलेल्या असतात, नाकावर साच्याची रेघ राहिलेली असते. मग कॅपा घासायच्या बारीक यंत्रानं तो ती रेघ उतरवतो, वाकडे दात बांधायच्या तारेची अँटेना बसवतो, रंग नव्यानं चढवतो. स्वतः विमानात अजून बसलेला नाही. हे वेड कुठलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "वहिनी, लहानपणी आमच्या पुस्तकांना रशियन मासिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची. भूगोलाच्या पुस्तकावर शेपटीला तीन इंजिनं असलेलं विमान होतं. भूगोल काही आला नाही, विमान तेवढं डोक्यात राहिलं."

घरात तो आणि त्याची आई ईरम्मा, दोघंच. काकू अक्कलकोटकडच्या, बोलणं निम्मं कानडी. लेकाला सून आण म्हटलं की हा आणखी एक इमान आणतो, हे त्यांचं गाऱ्हाणं अख्ख्या गल्लीला पाठ आहे.

यंदा पुण्याच्या कुणा रेश्माताईंनी त्याच्याकडं एक विमान दुरुस्तीला पाठवलं. त्यांचे वडील तरुणपणी मॉस्कोला शिकायला होते, तिथून आणलेलं इल्युशिन. शेपटी मोडली होती. वडील रोज सकाळी ते हातात घेऊन बसायचे. त्यांचा अंगठा जिथं टेकायचा तिथला निळा पट्टा झिजून आतला धातू दिसत होता. शेपटी नवी करा, पण त्या झिजलेल्या जागेला हात लावू नका, एवढंच ताईंनी बजावलं होतं. वडील जाऊन वर्ष झालं नव्हतं.

आणि मग घट बसायचे दिवस जवळ आले. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातली एकही वस्तू बिनधुतली राहत नाही. मी गोधड्या वाळत घालायला गच्चीवर गेले, तर तांब्याच्या घागरी आणि समयांच्या ओळीत विमानं पालथी पडलेली. काकू नारळाची शेंडी हातात घेऊन बसल्या होत्या.

"राख नि चिंच लावली," त्या कौतुकानं म्हणाल्या. "कसं लखलखाया लागलंय बघ की. आत असलं पांढरं सोनं हाय, आन् ह्ये येडं वरनं रंग फासतंय."

तुपोलेवचा डावा पंख आरशासारखा झाला होता. मी ओळीत इल्युशिन शोधलं. त्याची नवी शेपटी घासून उघडी पडली होती आणि बाकी अंगभर गुलाबी काहीतरी थापलेलं होतं, त्यावर राखेचे ओरखडे. ते काय, मला कळेना. काकू म्हणाल्या, ह्याचा गुलाबी रंग लई चिवट आहे, आता सोडा घालून कढत पाण्यात बुडवते, मग सुटतो की नाही बघ. खाली त्यांच्या गॅसवर पाणी चढवलेलं होतंच. मी आधी खाली जाऊन तो बंद केला आणि मग नंदीशला फोन लावला.

तो आला तेव्हा लॅबमधलं साच्याचं प्लास्टर त्याच्या हाताला तसंच चिकटलेलं होतं. त्यानं आधी इल्युशिन उचललं. हे परक्याचं, आणि कुणाच्या तरी वडिलांची आठवण आहे, हे मी काकूंना तोवर सांगितलं होतं. त्या पायरीवर बसूनच राहिल्या.

"आदी सांगायचं न्हाई व्हय रे लेकरा?" एवढंच म्हणाल्या.

नंदीशनं नखानं गुलाबी थर उचलला. ते लॅबमधलं मेण होतं, कवळ्यांचं. शेपटीवर रंग फवारताना जुन्या रंगावर शिंतोडे उडू नयेत म्हणून त्यानं बाकीचं विमान त्यात गुंडाळलं होतं. मेण सालीसारखं सुटत गेलं. खाली खिडक्या आल्या, मग निळा पट्टा आला, आणि पट्ट्यात अंगठ्याएवढी झिजलेली जागा. जशी होती तशी.

त्यानं विमान उजेडात धरून पाहिलं. "कढत पाण्यात घातलं असतं तर मेण वितळून खालचा जुना रंगही सोड्यानं गेला असता, वहिनी," असं म्हणाला आणि कितीतरी वेळ हसत राहिला. मग त्यानं तिथूनच रेश्माताईंना फोन करून झालं ते सगळं सांगितलं, त्या जागेचा फोटोही पाठवला. थोड्या वेळानं त्यांचं उत्तर आलं: आहे तसं आहे, शेपटी सावकाश होऊ दे.

मी दोघांना जेवायला खाली बोलावलं. काकू ताटातली भाकरी नुसती कुस्करत होत्या. घासलेल्या बाकीच्या विमानांचं काय, असं त्या हळूच विचारत होत्या.

"ती माझीच आहेत, अव्वा. पुन्हा रंगवायचीच होती," नंदीश भाकरी मोडत म्हणाला. "पण एक पंख गुळगुळीत नि एक तसाच, असं चालत नाही. तुपोलेवचा उजवा राहिलाय. जेवून तोही घासून दे."

काकूंनी पहिला मोठा घास घेतला, आणि मला विचारलं, तुझ्याकडं चिंच हाय का गं थोडी.