तळेगावचा नळ

पावसाशी खाजगी वैर असलेला माणूस उभ्या जर्मनीत एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. बाकीचे लोक पाऊस आला की छत्री उघडतात. आमचे साडूभाऊ तोंड उघडतात. रेगेन्सबर्गला आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते वर आणि मी खाली, त्यामुळे डिसेंबरातला पाऊस माझ्यावर दोनदा कोसळतो, एकदा आभाळातून आणि एकदा जिन्यातून. "थंडी तरी द्या, नाहीतर पाऊस तरी द्या," गॅलरीत उभे राहून ते ढगांना मराठीत सुनावतात, "दोन्ही एकाच ताटात कशाला वाढता?" मग माझ्याकडे वळतात. "आपल्याकडचा पाऊस येतो, काम करतो, जातो. हा तुझा पाऊस बघ. चिकट पाहुण्यासारखा बसून राहतो, आणि वर तोंडातून शब्द नाही." जर्मनीत जे जे बिघडेल ते त्यांच्या लेखी माझं असतं. तुझी डोनाऊ नदी, तुझी ट्रेन, इमारतीची व्यवस्था बघणारी तुझी हाउसफरवाल्टुंग. एकदा गारांनी त्यांच्या गाडीला पोचे पडले, तर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

या संतापाचं कारण साधं आहे. साडूभाऊ परत जाणार आहेत. तळेगावला त्यांचा प्लॉट आहे, त्यावर घर बांधायचं आहे, आणि "हा शेवटचाच हिवाळा" ही घोषणा मी माझ्या लग्नात पहिल्यांदा ऐकली. माझी मुलगी आता मला जर्मनमधून उलट उत्तरं देण्याच्या वयाची झाली आहे. जाणाऱ्या माणसाने इथे नवीन काही घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. म्हणून त्यांच्याकडे रेनकोट नाही. "तळेगावला त्याचं करू काय?" असं म्हणून ते माझी छत्री नेतात आणि बसमध्ये ठेवून येतात, या शहरातल्या बसवाल्यांना मी आजवर किती छत्र्या दान केल्या असतील, याची मला कल्पना करवत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळही असाच, वर्षानुवर्षं ठिबकतो. ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, त्याला फडकं बांधून ठेवलं आहे. गंमत म्हणजे नवा कोरा, अगदी उंची नळ घरात होता. तो खाली केलरमध्ये, तळघरात, एका खोक्यात होता आणि खोक्यावर लिहिलं होतं, 'तळेगाव, स्वयंपाकघर'. शेजारी दारांच्या मुठी, बिजागऱ्या, शॉवर. अख्खं घर पुठ्ठ्यात बांधून तयार होतं, फक्त भिंती यायच्या बाकी होत्या.

यंदा ख्रिसमसच्या तोंडावर डोंगरातलं बर्फ वितळलं, त्यावर पाऊस धरला आणि डोनाऊ चढली. नगरपालिकेने काठाला ॲल्युमिनियमच्या भिंती उभ्या केल्या, पण पाण्याला दारातूनच यायला हवं असं थोडंच आहे? ते जमिनीखालून आलं. रविवारी सकाळी आम्ही दोघं केलरमध्ये धावलो तर सगळं तळेगाव पाण्यात उभं होतं, आणि वर लोखंडी मांडणीवर माझे उन्हाळी टायर कोरडे ठणठणीत बसले होते. शरद ऋतूत हे काढून हिवाळी टायर चढवताना जागा हवी म्हणून खोकी मीच खाली काढून ठेवली होती.

"टायर भिजू नयेत म्हणून वर ठेवलेस?" साडूभाऊंनी विचारलं. आवाज इतका हळू होता की माझे पाय गार पडले. म्हणजे ते आधीच गार होते, मी नुसत्या मोज्यांवर आलो होतो. मग स्फोट झाला. "टायर! जी वस्तू जन्मभर पावसातच फिरते ती वर, आणि पुठ्ठा खाली! अरे, तुला इंजिनियर केला कोणी?"

भरपाई म्हणून मी पंप आणला. गाड्यांच्या इंजिनाचं पाणी फिरवणारे पंप बनवण्याचाच मला पगार मिळतो, तेव्हा मी तो मोठ्या ऐटीत पाण्यात सोडला, पाइपचं तोंड वरच्या झरोक्यातून बाहेर काढलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. पंप गुरगुरत होता, पाणी धो धो जात होतं, आणि घोट्याशी होतं तिथेच होतं. साडूभाऊ एकेक खोकं जिन्यावर नेत होते आणि प्रत्येक पायरीला पाऊस, महापौर आणि मी अशा क्रमाने उद्धार करत होते. तेवढ्यात ताई चहा घेऊन आल्या. त्यांनी येता येता अंगणातून झरोक्यात डोकावलं होतं.

"अहो, तुम्ही दोघं पाणी काढताय की फिरवताय?"

झरोक्याबाहेर थेट अंगण नव्हतं, उजेडासाठी खणलेला खड्डा होता, आणि त्या खड्ड्याचं पाणी भिंतीच्या भेगेतून परत आमच्याच केलरमध्ये येत होतं. ऑफिसात इंजिनासाठी करतो तेच काम मी सकाळभर तळघरासाठी केलं होतं. साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत राहिलो, पण ते हातातल्या खोक्यासकट वर गेले.

दुपारी मी भीत भीत वर गेलो. पुठ्ठ्याचा लगदा झाला होता, बिजागऱ्यांवर जुनाच गंज दिसत होता. नळ तेवढा चकचकीत होता. साडूभाऊ तो मांडीवर घेऊन बसले होते, बराच वेळ बसले असावेत. ताई ओली खोकी फाडून कचऱ्याच्या पिशवीत भरत होत्या. 'तळेगाव' लिहिलेला एक तुकडा त्यांच्या हातात आला, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. साडूभाऊंनी होकाराची मान हलवली, आणि तोही पिशवीत गेला.

"पान्हा आण," साडूभाऊ मला म्हणाले.

जुना नळ निघायला तयार नव्हता, त्याच्याशी आम्ही तासभर झुंजलो. नवा बसला, ताईंनी जुन्या नळाचं फडकं टाकून दिलं, नवा सोडून-बंद करून पाहिला. ठिबक थांबली. इतकी वर्षं त्या घरात कोणी गप्प बसलं तरी नळ बोलायचा. आता फक्त बाहेरचा पाऊस ऐकू येत होता. साडूभाऊ खिडकीशी जाऊन उभे राहिले. आता ढगांची कानउघाडणी होणार म्हणून मी सावरून बसलो. मनातून मला ती हवीच होती.

"उद्या संध्याकाळी मोकळा आहेस का?" पाठमोऱ्यानेच ते म्हणाले. "एखादा रेनकोट बघून येऊ. बरा बघू जरा, टिकणारा."

माझ्या छत्र्यांचा विषय काढायला याहून चांगली वेळ आली नसती. मी पान्हा पुसत बसलो.