इंदूबाईची किळस

इंदूबाईला किळस म्हणून कशाची येतच नाही, असं हिवरखेडजवळच्या त्या गावानं ठरवून टाकलं होतं. ठरवणारच. चाळीस वर्षं गावची बाळंतपणं तिनं केली. रक्त, पाणी, वार, नाळ, सगळं तिच्याच दोन हातांनी. घरची माणसं नाकाला पदर लावून लांबूनच विचारायची, "पोरगा का पोरगी?" आणि उत्तर मिळालं की उरलेली घाण तिच्यावर सोडून मोकळी व्हायची.

किळस तिला येत होती. रक्ताची नव्हे, जागेची. घर कितीही मोठं असो, बाळंतिणीची जागा ठरलेली. मागची, अंधारी, जिथं गुरांच्या चाऱ्याचं कुटार भरतात नाहीतर बकऱ्या बांधतात. का, तर बाळंतपण म्हणजे विटाळ! गोधडी घरातली सगळ्यात फाटकी द्यायची आणि चिंध्या सगळ्यात मळक्या, कारण नंतर फेकायच्याच. इंदूबाई पाणी उकळायला लावायची, धुतलेलं फडकं मागायची, आणि प्रत्येक घरात तेच ऐकायची, "कायले चांगलं लुगडं फाडतं व?" त्या चिंध्यांपायी किती जणी ताप भरून गेल्या, किती पोरं आठव्या दिवशी आखडून गेली, ते तिला आठवतं. गाव विसरलं.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. गाडी येते, नर्स असते, पांढरी चादर असते. पण तिथून माय-लेकरू घरी आलं, की पुन्हा त्याच मागच्या खोलीत. मग मालिशीला इंदूबाईला बोलावतात आणि अंगणात चहा देतात. पूर्वी तिची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची. आता लोक सुधारले, आता डिस्पोजल ग्लास देतात. प्यायल्यावर तो उकिरड्यावर तिनंच टाकायचा. इंदूबाई बौद्ध आहे हे कुणी तोंडानं बोलत नाही, ग्लास काय ते सांगतो.

यंदा भादव्यात वामनरावांची सून पौर्णिमा हिला मुलगा झाला. पहिली मुलगी, प्रणाली, तीन वर्षांची. तिच्या वेळी गप्प असलेल्या घरानं या वेळी गावभर पेढे वाटले. पाचव्या दिवशी इंदूबाई मालिशीला म्हणून मागच्या दारानं खोलीत शिरली आणि जागीच थांबली.

वास. उग्र, टाळूला जाऊन भिडणारा. तो तिच्या चांगला ओळखीचा होता. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा श्रावण याच घरच्या कपाशीवर फवारणी करून आला, तेव्हा त्याच्या अंगाला हाच वास होता. तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांना धड दिसत नव्हतं. आठ दिवस अकोल्याला पडून होता. हात अजून कापतात त्याचे.

खोलीत बाजेखाली शेगडी धुमसत होती. वारं लागू नये म्हणून खिडकी पोत्यानं बुजवलेली. बाजेच्या उशाशी फवारणीचे दोन पंप आणि त्यांच्या मागं औषधाचे डबे. एक डबा बुडाशी पाझरून त्याचा ओघळ पार बाजेच्या पायापर्यंत आला होता.

"आजी, कालपासून हा दूध वढून नाई रायला," पौर्णिमा म्हणाली. "नुसता झोपून रायते. माह्यं बी डोकं गरगरून रायलं."

इंदूबाईनं बाळ उचललं. ते हातात लुळं पडलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत होती.

"बाई!" ती ओरडली. "लेकराले इथून हालवा. फवारणीचं औषध चढून रायलं त्याले. आत्ताच दवाखान्यात न्या!"

सत्यभामाबाई, पौर्णिमेची सासू, स्वयंपाकघराच्या दारात आल्या. उंबऱ्याच्या अलीकडं काही आल्या नाहीत. "काहीतरीच बोलू नको, इंदे. माहे तिन्ही लेकरं याच खोलीत झाले."

"तवा इथं कुटार व्हतं, बाई. जहर नव्हतं."

"मंग कुठं ठेवू? बारा दिवस व्हयेपर्यंत तिले पुढं आणता येते का? देव हायेत घरात. इटाळ व्हते."

इंदूबाईनं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. पुढच्या घरात टाइल्स, फ्रिज, सोफा, चकचकीत देवघर. तिथं आई चालत नाही. इथं विष चालतं! इंदूबाईला किळस आली. चाळीस वर्षांत वार उचलताना कधी आली नव्हती तशी.

तिनं बाळाला पदरात घेतलं आणि चालू लागली. मागच्या दारानं नाही, पुढं. ज्या उंबऱ्याच्या आत तिनं जन्मात पाय टाकला नव्हता, तो ओलांडला. सत्यभामाबाई अंग चोरून बाजूला झाल्या. जाता जाता इंदूबाईनं पाण्याच्या माठावर पंजा ठेवला. ओट्यावर ठेवला, फ्रिजवर ठेवला, देवघराच्या चौकटीवर ठेवला. मग पुढच्या खोलीत सोफ्यावर, पंख्याखाली बसली.

"घ्या! सारं घर इटाळलं," ती म्हणाली. "आता पौर्णिमेले कुठंबी निजवा."

समोर किशोर, पौर्णिमेचा नवरा, हातात मोबाइल धरून आ वासून उभा होता.

"किशोर, तुले याच हातानं काढलं म्या. उभा काय रायला असा? गाडी काढ!"

त्यानं आईकडं पाहिलं, मग पोराच्या तोंडाकडं. आणि गाडी काढली. पौर्णिमाही भिंत धरत धरत येऊन गाडीत बसली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी बाळ वाचवलं. आठवड्यानं दोघं घरी आली आणि इंदूबाईला पुन्हा बोलावणं गेलं. बाज आता पुढच्या खोलीत होती. फरशी लखलखत होती, घरभर गोमूत्राचा वास, माठ कोरा नवा. तिच्या हाताची खूण दोन दिवस घासून काढली असणार, हे तिला न सांगताच कळलं. बाळ मात्र चुटूचुटू दूध ओढत होतं. ते पाहून ती निवली.

तेलाची वाटी मागं राहिली होती. आणायला ती मागच्या खोलीत गेली. पंप जागच्या जागी. डबे जागच्या जागी. पोतंसुद्धा खिडकीतून कुणी काढलं नव्हतं. त्या खोलीला पाण्याचा एक थेंब लागला नव्हता. आणि जमिनीवर सतरंजी टाकून, नाक गळत, पंपाची नळी हातात घेऊन प्रणाली एकटी खेळत होती.

"ही इथं काहून?" इंदूबाईनं विचारलं.

"तिले सर्दी झाली ना," सत्यभामाबाई आतून म्हणाल्या. "पोराले लागीन म्हणून तिकडं ठेवली. तू चहा घे, अंगणात ठेवला हाय."

इंदूबाईनं पोरीच्या हातातली नळी काढून फेकली. तिला कडेवर घेतलं, पदरानं तिचं नाक पुसलं. आणि पुन्हा तोच उंबरा ओलांडून, कोऱ्या माठावर अख्खा पंजा ठेवून पुढं गेली.