अठ्ठावीस मैल आणि एक हाक

"लांब म्हंजे किती लांब?" बायकोने विचारलं, आणि कोल्हापूरच्या हायस्कुलात इतकी वर्षं इंग्रजी शिकवूनही मला तिला धड उत्तर देता येईना.

प्रश्न आमच्या कमळीच्या स्थळाचा होता. स्थळ आणलं होतं गुळाचे व्यापारी बसाप्पाअण्णांनी. राधानगरीच्या अलीकडे, भोगावतीच्या काठी इनामदाराचं घर, भातशेती, ऊस, दुभती जनावरं, आणि धाकटा मुलगा लग्नाचा. बायकोची अट एकच होती. सकाळी निघालं की दिवेलागणीच्या आत लेकीच्या दारात पोचता आलं पाहिजे. तिची थोरली बहीण घाटाखाली कोकणात दिलेली. ती आजारी असल्याचा निरोप आला आणि आम्ही गाडी जुंपेपर्यंत मागून दुसरा निरोप आला. त्यामुळे अंतराच्या बाबतीत आमच्या घरात थट्टा चालत नाही.

बसाप्पा म्हणाले, "जवळच की हो मास्तर, दहा कोस." शेजारी म्हणाले, पंधरा. शाळेचा शिपाई त्याच भागातला. तो म्हणाला, "दोनदा चिलीम भरली की आलंच म्हणायचं." मला असल्या मोजमापाचा भारी राग येतो. म्हटलं, आपणच जाऊ, वाटेवरचे मैलाचे दगड वाचू आणि काय ते एकदाचं ठरवू.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे बसाप्पांच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, निघालो. तुम्हाला या वाटेने जायचं असेल तर हाच महिना धरा. पावसाळ्यात जाऊ नका, चिखलात बैल पोटापर्यंत रुततात. ओळखीचा बसाप्पा नसेल तर गावात भाड्याने दमणी मिळते, जाऊन-येऊन दोन-तीन रुपये पडतात आणि वैरण आपली. घोंगडी दोन घ्या. मी एकच घेतली आणि रंकाळ्याला वळसा घालेपर्यंत माझे दात वाजायला लागले.

उजाडलं तसा दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागला आणि गुऱ्हाळांचा धूर. एका गुऱ्हाळावर थांबून रस प्यालो, वर ताजी काकवी चाटली. रसाचे पैसे काढू नका, शिव्या खाल. मी काढले होते.

"पावणं, हॉटेलात आलाय व्हय?" गुऱ्हाळवाला ओरडला. "प्या गुमान!"

रस्ता एरवी बरा आहे, पण महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला काढल्यापासून सामानाच्या गाड्यांनी त्याची चाळण केली आहे. समोरून कोकणातल्या मिठाच्या आणि सुकटीच्या गाड्या येतात. बसाप्पा लिंगायत, कपाळाला भस्म लावणारे. सुकटीची गाडी गेली की ते उपरणं नाकाला लावून "शिवा शिवा" म्हणत. मला मात्र भूक लागे.

हळदीच्या पुढे एका झाडाखाली भाकरी-पिठलं खाल्लं. शेजारी चुन्याने रंगवलेला मैलाचा दगड होता. मी त्याला टेकून बसलो आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

"अण्णा, हा मैल मूळचा इंग्रजांचासुद्धा नाही बरं का. त्यांनी तो जुन्या रोमी लोकांकडून उचलला. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसता 'हजार' असा आहे."

"हजार काय?"

"पावलं. डावा पाय उचलला की तोच डावा पाय परत टेकेपर्यंत एक पाऊल. फौज चालायची आणि अशी हजार पावलं भरली की झाला एक मैल."

बसाप्पांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "आणि शिपाई बुटका आसला तर?"

प्रश्न फार चांगला होता. माझ्या वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, की भांडण तिथंच होतं. आयर्लंडचा मैल लांब, इंग्रजांचा आखूड, प्रत्येक मुलुखाचा आपला वेगळा. शेवटी त्यांच्या एका राणीच्या काळात कायदा झाला, की आठ फर्लांगांचा एक मैल धरावा. आता फर्लांग म्हणजे काय, तर लांब तास, रानातली सरी. बैलजोडीने मध्ये न थांबता ओढायचं नांगराचं एक तास. म्हणजे फौजेचा मैल थोडा ताणून शेतकऱ्याच्या रानात बसवला.

बसाप्पा उठले आणि पांढऱ्या बैलाच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. "ऐकलास काय रे राजा? सायबाचा मैल तुझ्या आज्ज्यानं वढलाय!"

मग मी आपल्या कोसावर आलो. कोस हा संस्कृत 'क्रोश'वरून आला. क्रोश म्हणजे ओरडणं, हाक. हाक जिथवर ऐकू जाते तेवढं अंतर. आता कोस दोन मैलांचा धरतात, एवढी मोठी हाक कुणाची होती कोण जाणे! "हे कसलं माप?" मी म्हणालो. "घसा बसला की गाव लांब गेलं. मैल कसा, दगडावर लिहिलेला. वाचला की संपलं." स्वतःच्या बोलण्यावर मी बेहद्द खूश होतो.

अठ्ठाविसावा दगड आला तेव्हा सूर्य डोंगरावर हातभर होता. तिथून आत वळलं की गाव. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. इनामदारांच्या दारात दमणी थांबली तेव्हा अजून कुठेही दिवा लागला नव्हता. बायकोची अट दगडांच्या साक्षीने पुरी झाली होती. मला इतका आनंद झाला, की सुपारी मनातल्या मनात फोडूनच मी खाली उतरलो.

माणसं तालेवार आणि मोकळी होती. मुलगा समंजस वाटला, बोलताना खाली बघत नव्हता. माझ्यासाठी मटणाचा रस्सा चुलीवर चढला होता, बसाप्पांसाठी दूधभात आणि गूळ. हातपाय धुवायला मला मागच्या परड्यात नेलं. परड्याच्या कडेलाच भोगावती, आणि पलीकडच्या काठावर दहा-वीस घरांची वाडी. पाणी गुडघाभर असेल. गुरं चालत येत होती.

पायावर पाणी घेतोय तोच पलीकडून लांबलचक हाक आली.

"तानेऽऽ! जेवलीस का गंऽऽ?"

परड्याच्या दुसऱ्या टोकाला, गोठ्याशी, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी होती. तिने तोंडाशी हात धरले.

"न्हाई अजूऽऽन! तू औषीद घेतलंस काऽऽ?"

"घेतलंऽऽ!"

मी तांब्या हातात धरून बघतच राहिलो. कोशात वाचलेला क्रोश माझ्यासमोर नदी ओलांडून जात-येत होता! धावतच ओसरीवर आलो आणि इनामदारांना विचारलं, हे कोण?

"थोरल्या सूनबाई. पलीकडं माहेर हाय त्यांचं. म्हातारी रोज दिवेलागणीला हाक मारती."

"वा! इतकं जवळ माहेर. म्हणजे येणं-जाणं रोजचंच असेल."

"छे छे." इनामदार हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, उलट अभिमानच होता. "आमच्यात सून एकदा आत आली की आली. लगीन झाल्यापास्नं ह्या परड्याभायेर पाऊल टाकलं न्हाई तिनं. बाळातपण बी हितंच केलं. तिला काय कमी हाय हो हितं?"

रस्सा उत्तम होता असं बसाप्पा नंतर म्हणाले, म्हणजे वासावरून. मला त्याची चव आठवत नाही.

सकाळी निघताना ओसरीवर मी एकटाच होतो. दाराच्या आतून दुधाचा पेला पुढे आला आणि मागून आवाज, कालच्या हाकेचाच, पण हलका. "पावणं, तुमच्या लेकीचा आवाज कसा हाय?"

मला वाटलं, गाण्याबद्दल विचारते आहे. "बरा आहे. नाजूक आहे जरा."

मग ती म्हणाली, "मग नगा दिऊ. हितनं कोल्हापूरला हाक पोचत न्हाई."

पेला तिथंच ठेवून ती आत गेली.

परतीच्या वाटेवर मी एकही दगड वाचला नाही. हळदीपाशी मी बसाप्पांना सगळं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मास्तर, देवाशपथ मला ठावं नव्हतं. धा वरसं त्या घरी जातोय. मी गूळ बघत आलो, माणसं कुठं बघितली?" नकाराचा निरोप आपणच पोचवतो, असंही म्हणाले आणि शब्दाला जागले.

या वाटेने जाल तर गुऱ्हाळावर थांबा, मैलाचे दगड वाचा. ते खोटं बोलत नाहीत. पण अठ्ठाविसाव्या दगडाशी दिवेलागणीच्या सुमाराला गाडी जरा उभी करा आणि नदीकडे कान द्या. दोन्ही आवाज ऐकू आले तर बरं वाटेल. मला त्या बाईसाठी काही करता आलं नाही. तिने मात्र माझ्या लेकीसाठी केलं. हे मनातून जात नाही.

घरी पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. चपला काढायच्या आत बायकोने विचारलं, "किती लांब हाय?"

"अठ्ठावीस मैल. दिवेलागणीच्या आत पोचलो." तिचा चेहरा उजळला, आणि मग मी बाकीचं सांगितलं. ती उठली, देवापाशी दिवा लावला आणि मागच्या परड्यात गेली. अगदी कुंपणापर्यंत गेली आणि घराकडे तोंड करून तिने हाक मारली.

"कमळेऽऽ!"

स्वयंपाकघरातून पोरगी पिठाच्या हातांनी दारात आली. "काय गं आई? हितंच हाय की मी, एवढ्यांदा का वरडतीस?"

"काय न्हाई," बायको म्हणाली. "तू पण एकदा मार बघू. मोठ्यांदा."