झूटरमेरमधला सत्कार

बाबांचा सत्कार करायची कल्पना माझीच. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर आमच्या घरात बरेच दिवस 'मुळात हे निघालं कुणाच्या डोक्यातून' अशी चर्चा चालायची, आणि नवरा दर वेळी माझ्याकडे बघायचा.

दोन हजार सहा साल. हॉलंडमधल्या झूटरमेरला आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. एक लांबलचक उघडी गॅलरी, ओळीने सहा दारं, आणि आमच्या शेजारचं दार एका बांगलादेशी कुटुंबाचं. त्या शेजारणीशिवाय माझं तिथलं घर आठवडाभरही चाललं नसतं. शाळा सुटायची सव्वातीनला, माझं ऑफिस साडेपाचला. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला ती रोज स्वतःच्या मुलाबरोबर सायकलवर बसवून आणायची, खाऊपिऊ घालायची. मी तिची गेमेन्टेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून आलेली पत्रं वाचून उत्तरं लिहून द्यायचे. एकमेकींच्या घराच्या किल्ल्या आमच्याकडे असायच्या. बोलायचो हिंदीत. तिची हिंदी टीव्हीवरच्या मालिकांतली, माझी पुण्याची, त्यामुळे दोघींचीही यथातथाच. पण सख्ख्या बहिणीशीही मी कधी इतकं बोलले नसेन.

त्या हिवाळ्यात आईबाबा तीन महिन्यांसाठी आले. बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. एकाहत्तरच्या लढाईत ते पूर्वेला होते. तिथली त्यांची एक गोष्ट मी कळायला लागल्यापासून ऐकत आले होते. धुक्याची पहाट, समोर पलीकडचा काठ दिसू नये एवढी रुंद नदी, पूल उडवलेला, आणि तरी बाबांची तुकडी पलीकडे गेली. आमच्याकडे कुणी आलं की चहाबरोबर ही गोष्ट मिळायचीच. आई तेवढ्यात स्वयंपाकघरात सटकायची.

नेमकी त्याच वेळी शेजारणीची आईही बांगलादेशातून आली होती. लहानखुरी, पांढऱ्या साडीतली, फारसं न बोलणारी बाई. शेजारणीने आम्हा सगळ्यांना सोळा डिसेंबरला जेवायला बोलावलं. तो त्यांचा विजय दिवस.

झालं. मी कामालाच लागले. एकाहत्तर साली लढलेला माणूस घरात आणि विजय दिवसाचं जेवण शेजारी, म्हणजे शाल-श्रीफळ हवंच. आईच्या बॅगेत कुणाला तरी द्यायला आणलेली नवी कोरी शाल होती. नारळ मी सुरिनामी दुकानातून आणला. आदल्या दिवशी शेजारणीला गॅलरीत गाठून सांगितलं, "जेवणं झाली की तुझ्या आईच्या हातून माझ्या बाबांना ही शाल घालायची. आमच्यात असंच करतात."

ती म्हणाली, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला तिथेच कळायला हवा होता. पण मी कसली ऐकतेय, माझं सगळं लक्ष सत्काराकडे.

जेवण झकास होतं. खिचडी, वांग्याचे तळलेले काप, हेगच्या बाजारातून आणलेला इलिश मासा. बाबा कोट घालून, छातीवर पदकं लावून बसले होते. ताटं उचलली तशी मी उठले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "ह्या माणसाने तुम्हाला स्वातंत्र्य मिळवून दिलं." आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बाबांनी त्यांच्या फौजी हिंदीत गोष्ट सुरू केली. शेजारीण हळू आवाजात तिच्या आईला बंगालीत सांगत होती. तुकडी पलीकडच्या काठाला लागली, तेवढ्यात म्हातारीने काहीतरी विचारलं. शेजारणीने ते लगेच सांगितलं नाही. म्हातारीने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "आई विचारतेय, होडी कोण चालवत होतं?"

बाबा थांबले. ह्या गोष्टीत त्यांना आजवर कुणी अडवलंच नव्हतं. "गाववाले होते," ते म्हणाले. "होड्या त्यांच्याच."

"ते परत गेले का?"

"ते नाही माहीत, बहनजी."

मग शेजारीण स्वतःचं बोलली. माझ्याकडे न बघता बोलली. "माझे बाबा होडी चालवायचे. त्या डिसेंबरात तुमच्या सैनिकांना पलीकडे सोडायला गेले. मी दीड वर्षांची होते. ते आलेच नाहीत."

मी हबकले. हातात शाल धरून तशीच उभी राहिले. तीन वर्षं मी ह्या बाईच्या घरात उठत-बसत होते. तिच्या गुडघ्याला काय झालंय, तिचा नवरा कशावर चिडतो, सगळं मला ठाऊक. आणि तुझे वडील काय करतात, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या गोष्टी मात्र तिला कितीतरी वेळा ऐकवल्या होत्या.

"तू म्हणतेस तुम्ही दिलंत," ती म्हणाली. "आम्ही काहीच दिलं नाही का?"

आम्ही शाल आणि नारळ घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, दाराच्या टपालफटीतून एक पाकीट आत पडलं. चिठ्ठी वगैरे काही नाही. आत आमच्या घराची किल्ली होती. शाळेतून लेकीला कोण आणणार हा प्रश्न होताच, पण तेव्हा तो माझ्या मनातही आला नाही. ती आता माझ्याशी कधीच बोलणार नाही, एवढंच डोक्यात होतं. मी मटकन खुर्चीत बसले आणि रडले.

बाबा समोर बसून किल्लीकडे बघत होते. म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय."

त्या पहाटे होडीत चढताना ते कमरेपर्यंत भिजले होते. थंडीने दात वाजत होते. होडीवाल्याने अंगावरची चादर काढून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि स्वतः उघड्या अंगाने वल्हवत राहिला. पलीकडे उतरले तोच गोळीबार सुरू झाला. बाबा पळाले. चादर त्यांच्याच अंगावर राहिली.

"बाबा, हे आजवर का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"गोष्टीत बरं दिसलं नसतं," ते म्हणाले. "पोरी, मला शाल तेव्हाच मिळालीय. दुसरी कशाला?"

त्यांनी कोट चढवला. पदकं काढून टेबलावर ठेवली, शाल उचलली आणि गॅलरीत निघाले. मी किल्ली घेऊन मागे धावले. वारा असा होता की कानांचे तुकडे पडतील.

दार म्हातारीनेच उघडलं. मागे शेजारीण. बाबांनी उभ्याउभ्याच चादरीचं सगळं सांगितलं. बंगालीत सांगता सांगता शेजारणीचा आवाज बदलत गेला. म्हातारीने दाराची चौकट धरली आणि एकच विचारलं.

"चादर कुठल्या रंगाची होती?"

हो म्हणावं की नको म्हणावं, देवाकडे काय मागावं, मला कळेना.

"निळी," बाबा म्हणाले. "चौकटीची."

म्हातारीने मान हलवली. तिच्या नवऱ्याची लाल होती. थोडा वेळ ती बाबांच्या हातातल्या शालीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हा होडीवाला दुसऱ्या कुणाचा तरी. नाव काय होतं त्याचं?"

बाबांची मान खाली गेली. "विचारलं नाही, बहनजी. तेव्हाही नाही, नंतरही नाही." मी बाबांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

म्हातारीने त्यांच्या हातातून शाल घेतली, घडी न मोडता छातीशी धरली आणि वाट देऊन बाजूला झाली. बाबा आत गेले. शेजारीण माझ्यासमोर दारातच उभी. चेहरा अजून कडकच होता. मग तिने हात पुढे केला.

"किल्ली दे," म्हणाली.

ती माझ्या मुठीतच होती.