नेस्ताच्या दोरीवरची कार्डं

डिलिसची तीस वर्षं एका नावाजलेल्या विद्यापीठाच्या कचेरीत गेली होती आणि तो तोरा ती नाताळात धाकट्या बहिणीच्या, नेस्ताच्या, घरीही मिरवायची. नेस्ता वेल्सच्या किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाचं वसतिगृह सांभाळायची. त्या विद्यापीठाचं नाव कुणी ऐकलेलं नसे. बाहेरगावाहून, परदेशातून नवी पोरं आली की नेस्ता स्वतः स्टेशनवर जाऊन उभी राहायची.

यंदा नेस्ताच्या बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीवर जुन्या पोरांची नाताळची कार्डं लटकत होती. लागोसहून, हनोईहून, काठमांडूहून. डिलिसच्या पोटात दुखायला लागलं. तिला आली होती चार, त्यातलं एक दातांच्या डॉक्टरचं.

"कुठेच प्रवेश मिळाला नाही की येतात पोरं तुमच्याकडे," ती फणकारली.

"येतात खरी तशीच," नेस्ता चहा ओतत म्हणाली, "पण जाताना रडतात गं."

नाक मुरडत डिलिसने एक कार्ड उलटलं. हाताने रंगवलेलं, अक्षर ओळखीचं. तिच्याच लेकीचं, कॅट्रिनचं. आईच्या विद्यापीठाने नाकारल्यावर पोरगी इथेच शिकली होती.

'मावशी, त्या दिवशी स्टेशनवर तू होतीस म्हणून मी टिकले.'

आईला तिने सकाळी फोनवर नुसतं नाताळच्या झाडाचं तयार चित्र पाठवलं होतं.