दोनदा नाही म्हणालेली ताई

"गाणं मधे तोडायचं नाही," म्हणत ती माझा हात गाडीच्या स्क्रीनवरून बाजूला सारायची. अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या ऑफिसात ती माझ्याच टीममध्ये टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी, होती. मूळची नागपूरची, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे. माझ्याकडे गाडी नव्हती. त्यामुळे वर्षभर तिच्या गाडीत शेजारी बसून ऑफिसला गेले आणि वर्षभर एकच अल्बम ऐकला.

गाणारी एक अमेरिकन बाई. कंट्री म्हणजे तिकडच्या गावाकडच्या संगीतातली बंडखोर म्हणतात तसली. रेकॉर्ड कंपनीने 'जरा गोड गा' म्हणून सांगितलं, तर हिने कंपनीच सोडली आणि गॅरेजमध्ये बसून दहा गाणी रेकॉर्ड केली. मला त्यातलं काही कळत नाही. आवाज घोगरा, गिटार कर्कश. निम्म्या गाण्यांत व्हिस्की, उरलेल्यांत सोडून दिलेला नवरा.

"ताई, हे गाणं आहे की भांडण?"

"भांडणच आहे ना बाप्पा! सुरात आहे म्हणून लोक ऐकून घेतात."

सहावं गाणं मात्र मलाही आवडायचं. त्यात एकही वाद्य नाही. माफी मागायला बोलावलेली बाई दारातच उभी राहून 'नाही' म्हणते, एवढंच. ते लागलं की ताई आवाज वाढवायची.

मग तो शुक्रवार आला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी चूक आहे, आज ते क्लायंटला देऊ नका, असं ताईने मॅनेजरला फोनवर सांगितलं. एकदा नाही, दोनदा. मी शेजारच्या खुर्चीत होते. त्याने तरी दिलं. क्लायंटचं काम दिवसभर बंद पडलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजर ताईकडे बघून शांतपणे म्हणाला, "टेस्टिंगने फोनवर होकार दिला होता. क्लायंटला सॉरी म्हणून टाक."

अशा मीटिंगा तुम्हीही पाहिल्या असतील. सगळ्यांनी लॅपटॉपमध्ये डोकी खुपसली.

"मी नाही म्हटलं होतं," ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू होतीस ना शेजारी? सांग यांना."

माझी ग्रीन कार्डची फाइल त्याच मॅनेजरच्या सहीसाठी पडून होती.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

मला शब्द न् शब्द आठवत होता. त्या माणसाची मला चीड येते, पण हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ताई उठली. आवाज चढवला नाही. "सॉरी मी म्हणणार नाही," एवढं बोलून बाहेर गेली. पंधरा दिवसांत तिची नोकरी गेली. व्हिसावर असलेल्या माणसाला दुसरी नोकरी शोधायला जेमतेम दोन महिने मिळतात, नाहीतर देश सोडावा लागतो. तेवढ्यात तिला नोकरी मिळाली नाही. अकरा वर्षांचं घर आवरून ती नागपूरला परतली. मला निरोपाला बोलावलं नाही. कशाला बोलावेल?

माझं कार्ड आलं. पुढे त्याच मॅनेजरने एका नव्या मुलीवर तसंच खापर फोडायला घेतलं, तेव्हा मी उभी राहिले. "मागच्या वेळी ताई दोनदा नाही म्हणाली होती. मी ऐकलं होतं."

"त्याचा आता काय संबंध?" तो म्हणाला. पण मुलीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मी ताईला फोन लावला. सगळं सांगितलं, रडलेही. तिने मधे न बोलता ऐकून घेतलं.

"झालं सांगून?" तिने विचारलं.

"हो."

"मग ठेव आता फोन."

मी काही म्हणायच्या आत तिनेच ठेवला.